मुलाखतीनंतरचा फॉर्म

मुलाखत संपली की उमेदवार मोकळा होतो आणि मुलाखत घेणारा कामाला लागतो. त्याला फॉर्म भरायचा असतो. उमेदवाराला प्रश्न कळला का, किती हात धरावा लागला, कोड चालण्याजोगा होता का, चुका त्याने स्वतःहून पकडल्या की दाखवून द्याव्या लागल्या, बोलणं समजत होतं का, आणि सरतेशेवटी घ्यायचं की नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत असे फॉर्म एका बैठकीत वाचले जातात आणि त्या बैठकीतल्या काही जणांनी उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. गूगलने तर मुलाखत घेणारे वेगळे आणि निर्णय घेणारी समिती वेगळी अशी पद्धतच पाडली. ॲमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ म्हणून एक मुलाखतकार असतो, तो मुद्दाम दुसऱ्या टीममधला घेतात.

“फॉर्ममध्ये जेवढी उतरशील तेवढीच तू त्या बैठकीला दिसणार,” असं माझ्या करिअर कोचने पहिल्याच कॉलवर सांगितलं. पुढचे काही महिने आम्ही जे केलं ते सगळं ह्या एका वाक्याच्या आसपासचं होतं.

मी बॅकएंड इंजिनिअर, म्हणजे ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारा भाग लिहिणारी. एकाच कंपनीत बरीच वर्षं पेमेंटच्या सिस्टिमवर काम करत होते. काम येत होतं, पण मुलाखत द्यायची सवय पार गेली होती. कोच शोधायला लागले तेव्हा जे लोक समोर आले त्यातले बरेचसे ‘नोकरीची हमी’ देणारे होते. कोणी पहिल्या वर्षीच्या पगारातला हिस्सा मागत होतं, कोणी तयार व्हिडिओंचा गठ्ठा विकत होतं. मी प्रत्येकाला एकच विचारायचे: तुम्ही स्वतः शेवटची मुलाखत कधी घेतलीत, आणि निवडीच्या बैठकीत कधी बसलात? ह्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी प्रेरणादायी बोलण्याकडे वळायची. जिने सरळ उत्तर दिलं तिला निवडलं. ह्या बाई आधी इंजिनिअरिंग मॅनेजर होत्या, अशा बैठका त्यांनी चिक्कार पाहिल्या होत्या. त्यांनी आधीच बजावलं की डेटा स्ट्रक्चर (डेटा मांडून ठेवण्याच्या पद्धती) मी शिकवणार नाही, ते तुला फुकटात कुठेही मिळेल.

सुरुवात रिझ्युमेपासून झाली. माझ्या रिझ्युमेत एक ओळ होती: ‘पेमेंट सर्व्हिसच्या विकासात सहभाग.’ बाई त्या ओळीवर अडून बसल्या.

“सहभाग म्हणजे काय?”

“म्हणजे आम्ही रिट्रायचं सगळं नव्याने केलं.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“टीम.”

“त्यात तू काय केलंस?”

“डुप्लिकेट पेमेंट जात होती. नेटवर्क तुटलं की ॲप पुन्हा रिक्वेस्ट पाठवायचं आणि पैसे दोनदा कापले जायचे. मग प्रत्येक रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखू येईल अशी खूण, लावायची असं ठरलं.”

“ठरलं? कोणी ठरवलं?”

“मी.”

“मग तसं लिही. त्यांच्या फॉर्ममध्ये ‘आम्ही’साठी रकाना नाहीये.”

ती ओळ शेवटी अशी झाली: ‘पेमेंट रिट्रायसाठी आयडेम्पोटन्सी की वापरण्याचं डिझाइन केलं आणि ते प्रॉडक्शनमध्ये नेलं, दुहेरी कपातीच्या तक्रारी थांबल्या.’ संपूर्ण रिझ्युमेवर हाच प्रयोग झाला. काही ओळी मात्र कितीही खोदलं तरी त्यातून ‘मी’ निघेना. त्या सरळ काढून टाकल्या. रिझ्युमे एका पानावर आला. जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक शब्दावर अर्धा तास बोलता आलं पाहिजे, असा बाईंचा दंडक होता. त्यामुळे ज्यांच्याशी माझी नुसती तोंडओळख होती अशी चार-पाच टेक्नॉलॉजींची नावंही गेली.

मग कोडिंग. लीटकोड ह्या सरावाच्या वेबसाइटवर किती प्रश्न सोडवले ह्याची लोक एकमेकांना आकडेवारी सांगतात. बाईंना त्या आकड्यात काडीचा रस नव्हता. डेटा ठेवण्याच्या आणि प्रश्न सोडवण्याच्या ठरलेल्या पद्धतींचा क्रम त्यांनी लावून दिला: ॲरे आणि हॅश मॅप, टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, स्टॅक, बायनरी सर्च, ट्री, ग्राफमधलं बीएफएस आणि डीएफएस, हीप, बॅकट्रॅकिंग, आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग सगळ्यात शेवटी. सोडवलेला प्रश्न थोड्या दिवसांनी कोऱ्या पानावर पुन्हा सोडवायचा, मग जरा जास्त दिवसांनी पुन्हा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने विस्मरणाचा आलेख १८८५ मध्येच मांडून ठेवलाय, तरी आपण एकदा ‘ॲक्सेप्टेड’ दिसलं की प्रश्न कायमचा आला असं धरून चालतो.

माझ्या वहीत प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराऐवजी एक ओळ असायची: हा प्रश्न ह्या प्रकारचा आहे हे कशावरून ओळखायचं. ही वही नंतर फार कामाला आली. इनपुट किती मोठं आहे, हाच बहुतेक वेळा सगळ्यात मोठा सुगावा असतो. सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात असं ढोबळमानाने धरायचं. घटक वीसच असतील तर सगळे उपसंच तपासले तरी चालतं, दहा लाखांच्या आसपासच जातात. दोन-चार हजार असतील तर लूपमध्ये लूप चालतो. आकडा लाखांत गेला की दुहेरी लूप विसरायचा. मग सॉर्ट, हीप, हॅश मॅप नाहीतर बायनरी सर्च. हे गणित मनातल्या मनात न करता तोंडाने करायचं, कारण मुलाखत घेणाऱ्याला टिपायला तेच हवं असतं.

बायनरी सर्चवर, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधला घटक बघून निम्मा भाग सोडून देण्याच्या पद्धतीवर, एक अख्खं सत्र गेलं, आणि मला ते फार आवडलं. मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढताना आपण सहज दोन टोकांची बेरीज करून दोनने भागतो. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलं की जावाच्या लायब्ररीतल्या त्यांच्याच बायनरी सर्चमध्ये ही बेरीज साधारण नऊ वर्षं दडून बसली होती. ॲरे अवाढव्य असला की दोन इंडेक्सची बेरीज ३२ बिटांत मावत नाही, २१४ कोटींच्या पुढे जाऊन ऋण होते. उपाय साधा आहे: खालच्या टोकात दोन टोकांमधल्या अंतराचं अर्धं मिळवायचं. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितल्यावर बाईंनी लगेच विचारलं, “आणि हेच पायथॉनमध्ये लिहीत असशील तर?” पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. “हे दुसरं वाक्य पण बोलायचं,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पाठांतर केलंय असं लिहितात, आणि तसं लिहिलं तर बरोबरच लिहितात.”

खरं कोचिंग म्हणायचं तर मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे लुटुपुटीची मुलाखत. कॅमेरा चालू, साधा एडिटर, ऑटोकम्प्लीट नाही, समोर बाई, निर्विकार. सत्राचं रेकॉर्डिंग व्हायचं आणि नंतरचा गृहपाठ असा: आपलंच रेकॉर्डिंग बघायचं आणि मुलाखत घेणारी होऊन स्वतःचा फॉर्म भरायचा. प्रत्येक शेऱ्यापुढे पुरावा हवा. ‘समस्या सोडवण्याची क्षमता चांगली’ असं लिहिलं तर कोणत्या मिनिटाला ती दिसली तेही लिहायचं. बाई त्याच मॉकचा त्यांचा फॉर्म वेगळा भरायच्या आणि मग आम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघायचो.

एक उदाहरण देते. प्रश्न नेहमीचाच: एका स्ट्रिंगमध्ये (अक्षरांच्या ओळीत) एकही अक्षर पुन्हा येत नाही असा सलग सर्वांत लांब तुकडा शोधा. माझ्या सुरुवातीच्या फॉर्ममध्ये मीच लिहिलेलं आहे, ‘प्रश्न वाचून झाल्यावर बराच वेळ उमेदवार गप्प. उत्तर बरोबर आलं, पण कसं सुचलं ते कळलं नाही.’ हे मी स्वतःबद्दल लिहिलंय आणि ते वाचून मीच मला घेतलं नसतं. रेकॉर्डिंग बघताना मला आठवत होतं की त्या शांततेत माझ्या डोक्यात दोन पद्धती तपासून झाल्या होत्या, एक नाकारली होती आणि तिचं कारणही होतं. त्यातलं रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं.

पुढे तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने व्हायला लागला. आधी प्रश्न आपल्या शब्दांत सांगायचा. मग विचारायचं: अक्षर म्हणजे नेमकं काय धरू? फक्त इंग्रजी, की युनिकोड? (हा प्रश्न आपण मराठी माणसांनी तर विचारायलाच हवा. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, युनिकोडच्या लेखी ते दोन कोड पॉइंट आहेत.) मग हाताने एक उदाहरण: ‘क ख ग क ख’, उत्तर ३. मग ढोबळ पद्धत आणि तिची किंमत सांगून टाकायची, की प्रत्येक तुकडा तपासला तर काम वर्गाच्या किंवा त्याहून वाईट प्रमाणात वाढेल. मग स्लायडिंग विंडो, म्हणजे डावं-उजवं टोक असलेली सरकती चौकट: प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते हॅश मॅपमध्ये (चटकन शोधता येणाऱ्या नोंदवहीत) ठेवायचं आणि अक्षर पुन्हा आलं की डावं टोक त्याच्या पुढे सरकवायचं.

कोड लिहून झाला की कोणी सांगायच्या आत आपणच तो हाताने चालवून बघायचा, तेही सोप्या उदाहरणावर नाही. बाईंचं आवडतं इनपुट होतं ‘क ख ख क’. दुसऱ्या ‘ख’ला डावं टोक पुढे जातं. मग शेवटचा ‘क’ येतो, तो शून्याव्या जागी दिसला होता असं मॅप सांगतो, आणि आंधळेपणाने त्याच्या पुढची जागा धरली तर डावं टोक मागे येतं, मध्ये दोन ‘ख’ घेऊन उत्तर ३ निघतं. खरं उत्तर २. म्हणून डावं टोक फक्त पुढेच जाईल, म्हणजे दोन्हींतली मोठी जागा घ्यायची. हे मोठ्याने बोलत केलं की फॉर्ममध्ये आपोआप ओळ पडते: ‘एज केस स्वतः शोधली, स्वतः दुरुस्त केली.’ आणि रिकामी स्ट्रिंग विसरायची नाही.

गप्प बसायला बंदी नव्हती. “मला जरा एक मिनिट विचार करू द्या” असं सांगून गप्प बसलं तर ती शांतता आपली असते. समोरून “खात्री आहे का?” असं आलं तर बहुतेक वेळा तो धक्का नसतो, हात पुढे केलेला असतो, तो घ्यावा.

कोणीतरी बघतंय एवढ्यानेच डोकं बंद पडतं, ही नुसती मनाची समजूत नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी फळ्यावर प्रश्न खोलीत एकट्याने सोडवला, काहींनी मुलाखत घेणाऱ्यासमोर मोठ्याने बोलत. बघणारा असला की कामगिरी निम्म्याहूनही खाली येत होती. हे मी बाईंना जरा विजयी मुद्रेने दाखवलं, की बघा, तुमची ही परीक्षा कौशल्याची नसून घाबरण्याची आहे. त्यांनी वाद घातला नाही. “असेल. म्हणून तर मी बघत बसते,” एवढंच म्हणाल्या.

पद्धत न्याय्य आहे का, ह्यावर माझं मत अजून दोन्हीकडे हेलकावे खातं. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायला वापरतात त्या होमब्रूचे निर्माते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये ट्विट केलं होतं की गूगलचे इंजिनिअर त्यांचं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (डेटाची झाडासारखी मांडणी) उलटा करता आला नाही म्हणून त्यांना नकार मिळाला. त्याच गूगलमध्ये मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये कबूल केलं होतं की कोडी घालणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. पण दुसरी बाजूही आहे. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच निकषांवर, अशी बांधीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरली. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, बरेच खाली आणले, तरी बांधीव मुलाखत वरच्याच जागी राहिली. म्हणजे फॉर्म निदान ‘मला आवडला मुलगा’पेक्षा बरा. ट्री उलटा करणं त्यात असावं का, हा प्रश्न उरतोच.

सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठी सिस्टिम कशी बांधायची ते मांडून दाखवणं, हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून तिथे मी वाहवत जायचे. बाईंनी एक नियम घातला. काफ्काचं (मेसेज रांगेत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव घ्यायच्या आधी क्यू, म्हणजे रांग, का हवा ते सांगायचं, आणि क्यू का हवा हे सांगायच्या आधी काय तुटतंय ते सांगायचं. दुसरा नियम आकड्यांचा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, ते एक लाख धरायचे. मग रोजच्या १० कोटी रिक्वेस्ट म्हणजे सेकंदाला सरासरी हजार, गर्दीच्या वेळी काही पट जास्त. लाख-कोटींत विचार करणाऱ्याला हे गणित इतकं सोपं जातं की मला मिलियन-बिलियनवाल्यांची दया यायला लागली. लिंक छोटी करणाऱ्या सर्व्हिसचा ठरलेला प्रश्न घ्या: इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, सात जागा, म्हणजे साधारण साडेतीन लाख कोटी वेगळ्या लिंक. सहा जागा घेतल्या तर पाच हजार सहाशे कोटींच्या वर. आता सात का सहा, हे बोलायला आधार मिळाला.

प्रत्येक निर्णयानंतर त्यांचा प्रश्न ठरलेला: “ह्यात काय गमावलंस?” कॅश (डेटाची हाताशी ठेवलेली प्रत) लावला, तर शिळा डेटा दिसेल, तो किती वेळ चालेल? पेमेंटची शिल्लक दाखवताना तो चालेल का? इथे माझी प्रॉडक्शनमधली, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी चालू असलेल्या सिस्टिमवरची, वर्षं उपयोगी पडली. पुस्तकी चौकोन-बाण सगळेच काढतात. रात्री सिस्टिम बिघडून पेजर वाजल्यावर त्यातला कोणता चौकोन आधी बघायचा, हे ज्याने सिस्टिम चालवली त्यालाच सांगता येतं, आणि ते सांगितल्यावर समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो.

बिहेविअरल राउंडची, म्हणजे आधीच्या कामात तुम्ही कसे वागलात हे विचारणाऱ्या फेरीची, तयारी मात्र मला अगदी नकोशी व्हायची. आपल्याच तोंडाने आपली आरती ओवाळायची, तीही परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशा साच्यात. ॲमेझॉनची २०२१ पासून सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्स (कसं काम करायचं त्याची तत्त्वं) आहेत आणि तिथे जाणारे लोक प्रत्येकासाठी वेगळी गोष्ट पाठ करतात. बाईंनी मला मोजक्याच गोष्टी निवडायला लावल्या, पण अशा की एकच गोष्ट चार प्रश्नांना वेगवेगळ्या बाजूंनी लागू पडेल. परिस्थिती सांगण्यातच माझा सगळा वेळ जायचा. त्या घड्याळ लावून बसायच्या आणि ‘मी’ हा शब्द येईपर्यंत किती वेळ गेला ते सांगायच्या. मतभेदाच्या गोष्टीत समोरच्याचं म्हणणं मला नीट मांडता येतं का, हे त्या बघायच्या. ते आलं नाही तर गोष्टच बाद.

खऱ्या मुलाखती सुरू झाल्या तेव्हा जिथे जायची सर्वांत जास्त इच्छा होती त्या कंपन्या मुद्दाम मागे ठेवल्या. काही ठिकाणी नकार आला, कारण कोणीच सांगत नाही. एका ठिकाणचा राउंड मला उत्तम झाला असं वाटलं होतं, तिथून साधा मेलही आला नाही. एका मुलाखतीत समोरच्याने माइक बंद केला नव्हता आणि मी बोलले की त्याच्या कीबोर्डचा खडखडाट ऐकू यायचा. तो टिपत होता. मी महत्त्वाचं वाक्य बोलले की आवाज थांबेपर्यंत थांबायला लागले. तिथून पुढचा राउंड मिळाला. त्या थांबण्यामुळेच मिळाला असं नाही म्हणत, पण त्याला वाक्यं पूर्ण लिहायला वेळ मिळाला हे नक्की.

पगाराच्या बोलण्यात बाईंचं आणि माझं जमलं नाही. आपण आकडा आधी सांगायचाच नाही, रेंज त्यांनाच विचारायची, असं त्यांचं ठाम मत. मला ते सरसकट पटत नाही; रिक्रूटर तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा टाळाटाळ करणारा माणूस खेळ करतोय असं दिसतं. मी बाजारभाव पाहून वरच्या बाजूचा आकडा सांगितला. त्यांचा दुसरा सल्ला मात्र सोन्यासारखा होता: आधी लेव्हल (कंपनीतली श्रेणी), मग पैसे. मूळ पगार, जॉइनिंग बोनस, स्टॉक हे सगळं लेव्हलवर ठरतं, आणि एक पायरी खाली घेतलं तर ती पायरी चढायला वर्षं जातात. स्टॉक बऱ्याच ठिकाणी चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि काही ठिकाणी पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर त्यातलं हाती काही लागत नाही, म्हणून त्यांचा मोठा आकडा दिसला तरी पहिल्या वर्षात हातात काय येणार तेवढंच बघायचं.

जी ऑफर आली त्यात मला हव्या त्या लेव्हलच्या एक पायरी खाली धरलं होतं. मी सिस्टिम डिझाइनच्या राउंडचा संदर्भ देऊन फेरविचाराची विनंती केली. लेव्हल बदलली नाही. सहा महिन्यांनी त्यावर विचार करू, असं रिक्रूटर फोनवर म्हणाला आणि जॉइनिंग बोनस वाढवला. बाईंनी फोनवरचं सगळं मेलमध्ये मागायला लावलं. मेल आला, त्यात बोनस होता, लेव्हलच्या फेरविचाराचा शब्दही नव्हता. मी परत लिहिलं. दोन दिवसांनी दुरुस्त मेल आला, त्यात तारीखही होती. मग जुन्या कंपनीत राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड कमी करून घेण्याची खटपट सुरू केली.